वडिलांची सही मिळत नसेल, तर मुलीला परदेशी कसे न्यावे?

प्रश्न : मी नाशिकला राहते व एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात नोकरी करते. पतीपासून तीन वर्षांपासून वेगळी आहे आणि घटस्फोटाचा दावा कौटुंबिक न्यायालयात चालू आहे. नऊ वर्षांची मुलगी माझ्याकडे असते. अंतरिम आदेशानुसार दुसऱ्या व चौथ्या शनिवारी ती वडिलांकडे जाते आणि मे महिन्याच्या सुट्टीतले सात दिवसही त्यांच्याकडे राहते. माझा भाऊ म्युनिकला असतो. या मे महिन्यात मी लेकीला घेऊन तीन आठवडे त्याच्याकडे यावे, असा त्याचा फार आग्रह आहे. मुलीचा पासपोर्ट अजून काढलेला नाही. पतीला फोनवर विचारले, तर ‘बघू’ एवढेच म्हणाले. नंतरच्या मेसेजना उत्तरच नाही. एजंट म्हणतो, ‘वडिलांचा ठावठिकाणा माहीत नाही, असे लिहून द्या, काम होऊन जाईल.’ माझी आई म्हणते, बापाच्या सहीशिवाय पोरीचा पासपोर्टच निघत नाही. शेजारच्या वकील बाई म्हणतात, ताबा तुझ्याकडे आहे, तुला कोणाला विचारायची गरज नाही. यातले खरे काय मानायचे?

– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुम्हाला तिघांनी तीन सल्ले दिले आहेत. त्यांतला एजंटाचा सल्ला आधी निकालात काढू, कारण तो तुम्हाला खड्ड्यात घालणारा आहे. ज्या वडिलांना मुलगी महिन्यातून दोनदा भेटते आणि ज्यांचा पत्ता तुमच्याच दाव्याच्या पहिल्या पानावर लिहिलेला आहे, त्यांचा ठावठिकाणा माहीत नाही असे सरकारी कागदावर सही करून सांगणे हे सरळसरळ खोटे निवेदन आहे. पासपोर्ट कायदा, १९६७ च्या कलम १२ प्रमाणे पासपोर्टसाठी जाणूनबुजून खोटी माहिती देणे किंवा महत्त्वाची माहिती दडवणे हा गुन्हा असून त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मला त्याहून मोठी काळजी वेगळीच वाटते. उद्या तो कागद पतीच्या वकिलांच्या हाती लागला, तर ताब्याच्या अंतिम सुनावणीत तुमच्या प्रत्येक शब्दावर त्याचे सावट पडेल. एजंट आपली फी घेऊन मोकळा होईल आणि उलटतपासणीला पिंजऱ्यात तुम्ही उभ्या असाल.

आईंचे म्हणणे जुन्या अनुभवातून आलेले आहे, पण आज ते खरे नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ मध्ये नैसर्गिक पालक म्हणून ‘वडील आणि त्यांच्यानंतर आई’ असे शब्द आहेत व त्यांचा अर्थ वर्षानुवर्षे ‘वडिलांच्या मृत्यूनंतर आई’ असाच लावला जात असे. गीता हरिहरन विरुद्ध रिझर्व्ह बँक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये हा अर्थ बदलला. वडील हयात असले, तरी मुलाचे पालनपोषण प्रत्यक्षात आईच पाहत असेल, तर तीही नैसर्गिक पालक म्हणून निर्णय घेऊ शकते, असे न्यायालयाने मानले. पासपोर्टच्या नियमांतही एका पालकाच्या अर्जाची सोय आहे. दोघांची संमती असेल, तर ‘अ‍ॅनेक्शर डी’ नावाच्या जाहीरनाम्यावर दोघेही सह्या करतात आणि एकाची संमती मिळत नसेल, तर अर्ज करणारा पालक ‘अ‍ॅनेक्शर सी’ भरून देतो. डिसेंबर २०१६ मध्ये नियम सोपे झाल्यापासून हे जाहीरनामे साध्या कागदावर स्वतःच्या सहीने चालतात, त्यांना नोटरी लागत नाही. मात्र ‘सी’ मध्ये संमती का मिळाली नाही आणि न्यायालयात काय चालू आहे, हे जसे असेल तसे लिहावे. दावा प्रलंबित असल्याचे पाहून अधिकारी न्यायालयाच्या आदेशाची प्रत मागू शकतात. म्हणून अंतरिम आदेशाची प्रमाणित नक्कल आत्ताच अर्ज देऊन काढून ठेवा. नक्कल विभागातून ती हातात पडायला वेळ लागतो. पंधरा वर्षांखालील मुलांचा पासपोर्ट पाच वर्षे चालतो, तेव्हा हा खर्च एका सहलीपुरता होणार नाही.

आता शेजारच्या वकील बाईंकडे येते. त्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे आणि म्हणूनच ते अधिक जपून घ्यायला हवे. ताबा तुमच्याकडे आहे हे खरे, पण तुमच्याच आदेशाने वडिलांना दुसरा व चौथा शनिवार आणि सुट्टीतले सात दिवस दिले आहेत. मे महिन्यात तीन आठवडे मुलगी म्युनिकला राहिली, तर वडिलांची निदान एक शनिवारची भेट तरी बुडेल आणि सात दिवसांनाही जागा मिळणे अवघड होईल. विमानतळावर तुम्हाला कोणी अडवले नाही, तरी आदेशाचा भंग झाला तो झालाच. आदेश पुन्हा एकदा सावकाश वाचून पाहा. न्यायालयाच्या परवानगीशिवाय मुलीला अधिकारक्षेत्राबाहेर नेऊ नये, असे वाक्य अशा आदेशांत बरेचदा शेवटच्या परिच्छेदात असते आणि आदेश मिळाल्याच्या गडबडीत तिकडे लक्ष जात नाही. ते वाक्य तुमच्या आदेशात असेल, तर परवानगी घ्यायची की नाही हा प्रश्नच उरत नाही.

थोडक्यात, तुम्हाला लागणारी परवानगी दुहेरी आहे. पासपोर्ट कार्यालय, व्हिसा केंद्र आणि परदेशातला सीमा अधिकारी हे कागद पाहतात व कागद पुरेसे असले की पुढे सोडतात. कौटुंबिक न्यायालय मात्र मुलीचे वडिलांशी असलेले नाते आणि तिचे परत येणे पाहते. पहिले मिळाले म्हणजे दुसरे मिळाले, असे समजू नका. दुसरे हातात असेल, तर पहिले बहुधा सोपे जाते.

तुमच्या पतीची ‘बघू’ ही आडमुठी टाळाटाळ असेलही, पण तिच्यामागे एक खरी भीती असू शकते आणि ती तुम्ही समजून घ्यावी असे मला मनापासून वाटते. भाऊ तिकडे स्थायिक आहे. तुम्ही गेलात आणि परतच आला नाहीत तर? मुलांना एका देशातून दुसऱ्या देशात एकतर्फी नेले किंवा ठेवून घेतले, तर त्यांना नेहमीच्या राहत्या देशात परत पाठवण्यासाठी २५ ऑक्टोबर १९८० चा हेग करार आहे. जर्मनी त्यात आहे, भारत नाही. विधी आयोगाने २००९ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये या विषयावर अहवाल दिले, कायद्याचा मसुदाही मांडला गेला, तरी भारत अजून त्या करारात सामील झालेला नाही. त्यामुळे मुलगी तिकडेच राहिली, तर नाशिकमधल्या वडिलांना त्या कराराचा आधार मिळणार नाही. त्यांना जर्मनीत वकील लावून तिथल्या कायद्याने झगडावे लागेल. आपल्या न्यायालयांसमोर उलट दिशेची प्रकरणेही पुष्कळ येतात, म्हणजे परदेशातून एका पालकाने भारतात आणलेल्या मुलांची. नित्या आनंद राघवन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले की, परदेशी न्यायालयाचा आदेश असला तरी मुलाचे हित सर्वांत आधी पाहिले पाहिजे. हे सगळे ठाऊक असल्यामुळेच परदेश प्रवासाचा अर्ज समोर आला की न्यायाधीशांच्या मनात पहिला प्रश्न परतीचा येतो. तेव्हा तुमच्या विनंतीत, मग ती पतीला केलेली असो वा न्यायालयाला, परतीचे उत्तर सर्वांत ठळक असले पाहिजे.

पतीला पुन्हा विचारा, पण या वेळी नीट लिहून. ‘आम्ही मेमध्ये दादाकडे जातोय, सही हवी’ असा मेसेज कोणालाही अंगावर आल्यासारखा वाटतो. जाण्याची आणि परतण्याची तारीख, भावाचा पत्ता, तिथला फोन, रोज किंवा दिवसाआड ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल आणि बुडणाऱ्या भेटींची भरपाई, एवढे सगळे एका पत्रात येऊ द्या. भरपाईत हात आखडता घेऊ नका. जूनचा पहिला आठवडा पूर्ण त्यांच्याकडे आणि शिवाय जूनमधला तिसरा शनिवार, असे स्वतःहून देऊ केलेत, तर नकार देणे त्यांनाही जड जाईल आणि दिलाच, तर न्यायाधीशांना तो नकार काय आहे हे दिसेल. पत्र ई-मेलने आणि स्पीड पोस्टाने, दोन्ही मार्गांनी पाठवा व उत्तरासाठी पंधरा दिवसांची मुदत द्या.

कौटुंबिक न्यायालयातील विवाह समुपदेशकांकडे हा एकच मुद्दा घेऊन जाता येते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. घटस्फोट, पोटगी, स्त्रीधन यांवर जिथे एक पाऊलही पुढे पडत नाही, तिथेसुद्धा मुलीच्या सुट्टीच्या प्रश्नावर दोघे पालक अर्ध्या तासात एकमत झाल्याची उदाहरणे तिथले समुपदेशक सांगतील. एकमत झालेच, तर ते तोंडी ठेवू नका. दोघांच्या आणि दोन्ही वकिलांच्या सह्यांची संयुक्त पुरसिस, म्हणजे न्यायालयाला दिलेले लेखी निवेदन, दाव्यात दाखल करा आणि तिच्यावर न्यायालयाचा आदेश घ्या. पुढे कोणाचे मन फिरले, तरी तो आदेश तुमच्या हाती राहतो.

पुरसिस झाली, तरी व्हिसासाठी वडिलांचे संमतीपत्र वेगळे लागेल. ते इंग्रजीत असावे, पण त्यात काय हवे ते मराठीत सांगते : ‘मी, अमुक, पासपोर्ट क्रमांक अमुक, राहणार अमुक, माझी मुलगी तमुक, जन्मतारीख अमुक, पासपोर्ट क्रमांक अमुक, हिने तिच्या आईसोबत अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत जर्मनीस पर्यटक म्हणून जाण्यास आणि त्यासाठी व्हिसाचा अर्ज करण्यास माझी संमती देत आहे. या काळात ती अमुक पत्त्यावर मामाकडे राहील.’ खाली सही, तारीख, फोन क्रमांक आणि सोबत त्यांच्या पासपोर्टची किंवा ओळखपत्राची सही दिसणारी प्रत. तारखा मोघम ठेवू नका. ‘उन्हाळ्यात’ असे लिहिलेले पत्र खिडकीवरूनच परत येते. नावे पासपोर्टवर आहेत तशीच, अक्षरा-अक्षराने, घाला. तुमचा पासपोर्ट माहेरच्या नावाने असेल आणि मुलीचे आडनाव वडिलांचे असेल, तर तुमचे नाते दाखवणारा कागद म्हणजे तिचा जन्मदाखला. तो दोन्ही भाषांत छापलेला घ्या आणि तुमचे नाव त्यात कसे लिहिले आहे ते आधी तपासा. पत्र नोटरीसमोर करून घ्या. महाराष्ट्रात शंभर रुपयांच्या मुद्रांकाची जागा ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेच्या मुद्रांकाने घेतली आहे, तेव्हा घरात पडलेल्या शंभराच्या जुन्या कागदावर भिस्त ठेवू नका.

पंधरा दिवसांत उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर चालू दाव्यातच परवानगीचा अर्ज द्या; त्यासाठी नवा दावा लागत नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २६ प्रमाणे दावा प्रलंबित असताना मुलांच्या ताब्याबद्दल न्यायालय अंतरिम आदेश देऊ शकते. अर्जासोबत पतीला पाठवलेले पत्र व पोचपावती, परतीच्या तिकिटाचे आरक्षण, भावाचे निमंत्रणपत्र आणि त्याच्या वास्तव्याचा पुरावा, तुमच्या कंपनीचे रजा मंजुरीचे पत्र, मुलीच्या शाळेचे चालू वर्षाचे ओळखपत्र व पुढील वर्षाच्या फीची पावती जोडा. शाळेची पावती क्षुल्लक वाटेल, पण जूनच्या मध्यावर मुलगी वर्गात बसणार आहे, हे त्या पावतीइतके स्वच्छ सांगणारा दुसरा कागद नाही. नोकरी, घर, आई-वडील हे सगळे नाशिकला आहे, हेही अर्जात लिहावे. मग न्यायालय समोरच्या बाजूचे म्हणणे मागवील, त्यासाठी एक-दोन तारखा जातील. परवानगी मिळताना अटी येतील : ठरलेल्या तारखेला परत येण्याचे हमीपत्र, प्रवासाचा तपशील पतीला आधी कळवणे, व्हिडिओ कॉल, कधीकधी ठरावीक रक्कम न्यायालयात जमा करणे आणि परतल्यावर मुलीचा पासपोर्ट न्यायालयात ठेवणे. या अटींनी दुखावून जाऊ नका. हमीपत्राचा मसुदा तर आपणच तयार करून अर्जाला जोडावा, असे मी सुचवीन.

वेळेचे गणित मात्र काटेकोर ठेवा. मे महिन्यात न्यायालयांना उन्हाळी सुट्टी असते आणि एप्रिलच्या शेवटी तातडीच्या अर्जांची गर्दी उसळते. तुमचे पत्र संक्रांतीच्या सुमारास आले आहे, म्हणजे वेळ हातात आहे. पतीला पत्र याच आठवड्यात, पासपोर्टचा अर्ज लगेच, न्यायालयातला अर्ज फेब्रुवारीत आणि व्हिसाचा मार्चच्या शेवटापर्यंत, असा क्रम धरलात तर धावपळ होणार नाही. आणि एक विनंती : आदेश हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारे तिकीट काढू नका. तुम्ही तिकीट काढल्याचे कळल्यावर पतीने ऐन वेळी मनाई हुकूम मागितला, तर पैसेही जातील आणि ‘परवानगीआधीच तयारी’ असा ठपकाही बसेल.

व्हिसाबद्दल थोडे. जर्मनीला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांचा सामाईक व्हिसा, लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण ते पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतात. जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५ युरो फी आहे. बारा वर्षांखालील मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत. तीस हजार युरोंचे विमा संरक्षण मुलीसाठीही स्वतंत्र दाखवावे लागते. अल्पवयीन मुलाच्या अर्जावर पालकत्वाचा अधिकार असलेल्यांची सही लागते. सोबत न जाणाऱ्या पालकाचे नोटरी केलेले संमतीपत्र किंवा एकट्या पालकाकडे अधिकार असल्याचा न्यायालयीन आदेश मागितला जातो. इथेच तुमचा सध्याचा अंतरिम आदेश कमी पडण्याची शक्यता आहे, कारण त्यात ताबा आहे पण परदेश प्रवासाची परवानगी नसणार. पतीची सही नसेल, तर प्रवासाला परवानगी देणारा स्वतंत्र आदेशच ती जागा भरून काढतो. आदेश मराठीत असेल, तर त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्या.

व्हिसा मिळाला, तरी हे कागद कपाटात ठेवून जाऊ नका. शेंगेन देशांच्या सीमा नियमांमध्ये अल्पवयीन प्रवाशांकडे विशेष लक्ष द्यावे, असे स्पष्ट लिहिले आहे. मूल एकाच प्रौढासोबत असेल आणि त्याला दुसऱ्या पालकापासून बेकायदा आणल्याचा सबळ संशय आला, तर अधिकाऱ्याने अधिक चौकशी करायची असते. संमतीपत्र किंवा आदेश, जन्मदाखला, भावाचे पत्र आणि परतीचे तिकीट एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये हातातल्या पिशवीत ठेवा; सामानाच्या पट्ट्यावर गेलेल्या बॅगेतला कागद म्युनिकच्या पासपोर्ट खिडकीवर उपयोगाचा नाही. अधिकारी मुलीलाही एखादा साधा प्रश्न विचारू शकतो : सोबत कोण आहे, कोणाकडे चालला आहात. तिला पढवून ठेवू नका, खरे काय ते तिला ठाऊक असू द्या.

अशाच प्रश्नांची पत्रे इतरांचीही येतात, म्हणून ओघात सांगते. नातवंडांना घेऊन जाणाऱ्या आजी-आजोबांनी, मावशी-काकांनी आई आणि वडील दोघांचीही संमतीपत्रे घ्यावीत. अमेरिकेत शिरताना असे पत्र कायद्याने सक्तीचे नाही, पण तिथले सीमा अधिकारी नोटरी केलेले पत्र जवळ ठेवण्याचा सल्ला देतात. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी हे विशेष लक्षात घ्यावे की, तिथे पालकत्वाचा अधिकार असलेल्या सगळ्यांच्या संमतीशिवाय मुलाला देशाबाहेर, अगदी सुट्टीला भारतात आणणे हासुद्धा गुन्हा ठरू शकतो. मूल आपल्याकडे राहील असा न्यायालयाचा आदेश ज्याच्याकडे आहे, त्याला अठ्ठावीस दिवसांपर्यंत सूट आहे.

तुमच्या लेकीबद्दल तुम्ही पत्रात फार लिहिलेले नाही, तरी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. सहीसाठी तिला मध्ये घालू नका. ‘शनिवारी बाबांना विचार ना’ हे वाक्य तिच्यापुढे आई की बाबा असा प्रश्न उभा करते, आणि उत्तर नकाराचे आले, तर तो नकार तिला स्वतःलाच दिलेला वाटतो. परवानगी हाती येईपर्यंत मामाच्या घराचे, बर्फाच्या डोंगरांचे बेतही तिच्यापुढे रंगवू नका. परवानगी आली की मात्र ती बातमी वडिलांनाच तिला सांगू द्या, निदान त्यांनी सही केली असेल तर नक्कीच. व्हिडिओ कॉलची वेळ ठरवताना लक्षात ठेवा की, उन्हाळ्यात म्युनिक आपल्या साडेतीन तास मागे असते. तिथले दुपारचे साडेतीन म्हणजे इथले संध्याकाळचे सात, ही वेळ दोघांनाही सोयीची पडेल.

परतल्यावर दोन-चार दिवसांतच वकिलांमार्फत न्यायालयात पुरसिस द्या की, मुलगी अमुक तारखेला सुखरूप परतली आहे, आणि त्या पुरसिसला बोर्डिंग पास व पासपोर्टवरच्या भारतातल्या शिक्क्यांच्या प्रती जोडा. आदेशात तसे असेल, तर पासपोर्ट त्याच दिवशी जमा करून पोचपावती घ्या आणि जूनमधल्या भरपाईच्या भेटी ठरल्या तशा होऊ द्या. पुढच्या वर्षी पुन्हा कुठे जायचे ठरले, तर अर्जाला जोडायला यापेक्षा चांगला कागद मिळणार नाही.